मध्ये झाड आलं

भरवेलीत पाहुणा आला की त्याला कान्हाच्या जंगलात न्यायचं असतं. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, पण मोडायची हिंमतही कुणात नाही. खरं तर बघण्यासारखं आमच्या पायाखालीच आहे. आशियातली सगळ्यात मोठी अंडरग्राउंड मँगनीज खाण म्हणून जिचं नाव घेतात, ती भरवेलीचीच. पण ती पाहुण्याला दाखवता येत नाही. उतरायला परवानगी लागते, टोपी आणि दिवा लागतो, केजमध्ये उभं राहून काळोखात खाली जायचं काळीज लागतं. एवढं करून खाली जे दिसतं ते काळंच असतं, आणि वर येईपर्यंत पाहुणाही त्याच रंगाचा झालेला असतो. म्हणून खाण जेवताना तोंडी दाखवायची आणि दुसऱ्या दिवशी बैहरची वाट धरायची, अशी आमच्याकडची रीत आहे.

यंदा हिवाळ्यात पुण्याचा मावसभाऊ आणि वहिनी आले. दोघं नुकतेच कॅलिफोर्नियाहून, मुलाकडचा मुक्काम संपवून परतले होते. अमेरिकेहून आलेल्या माणसाचं निदान वर्षभर ऐकून घ्यायचं असतं, त्यामुळे आम्ही तयारीत होतो. दादाने गोल्डन गेटचा पूल दोन वाक्यांत ओलांडला, नातवाला आमटीसकट उरकला आणि तो झाडांवर आला. रेडवूड! सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला म्यूर वूड्स म्हणून जंगल आहे. विल्यम केंट नावाच्या माणसाने ही जागा सरकारला देऊन टाकली आणि १९०८ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने ती राखीव केली. तिथे गाडी लावायची जागासुद्धा आधी आरक्षित करावी लागते. आत लाकडी पायवाट, दोन्ही बाजूंना आकाशात गेलेली झाडं, आणि एका ठिकाणी पाटी की इथून पुढे हळू बोला.

"तीन तास," दादा म्हणाला, "तीन तास आम्ही नुसती झाडं बघितली!"

मामा ताटावरून वर बघत म्हणाले, "अन् काही निघालं नाही?"

आमचे मामा खाणीत टिंबर मिस्त्री होते. खाली छत खचू नये म्हणून लाकडाचे टेकू देणाऱ्या टोळीत त्यांची उमेदीची वर्षं गेली. जंगलात गेल्यावर काहीतरी 'निघालं' पाहिजे, हे मात्र त्यांचं एकट्याचं मत नाही. अख्ख्या बालाघाट जिल्ह्याचं, पलीकडच्या गोंदियाचं आणि नागपूरहून शनिवारी गाडी काढणाऱ्या प्रत्येकाचं तेच मत आहे. जंगल ही वाघाने निघायची जागा. तो निघाला नाही तर तिकीट वाया.

वहिनींनी सांगितलं, "निघाली ना, एक पिवळी गोगलगाय निघाली. शंख नसलेली. केळ्याएवढी." तिचं नावच बनाना स्लग. तिकडच्या एका विद्यापीठाने तिला आपला शुभंकर करून घेतलं आहे. वहिनींनी तिचे सतरा फोटो दाखवले, आणि गोगलगाय असल्यामुळे सतराही फोटोंत ती एकाच जागी होती.

मला सगळ्यात आवडली ती लाकडाच्या चकतीची गोष्ट. म्यूर वूड्सच्या दाराशी पडलेल्या एका रेडवूडचा आडवा छेद उभा करून ठेवला आहे. झाड जन्मलं इ.स. ९०९ च्या सुमाराला, पडलं १९३० मध्ये. मधल्या वर्तुळांवर इतिहासाच्या चिठ्ठ्या आहेत: १२१५ मॅग्ना कार्टा, १४९२ कोलंबस, १७७६ अमेरिकेचं स्वातंत्र्य. लोक येतात, वाचतात, पुढे जातात. आमचा दादा तिथे थांबला. कोलंबस आणि १७७६ यांच्यामधलं अंतर त्याने विती-बोटांनी मोजलं, भागाकार केला आणि एका वर्तुळावर बोट ठेवून जाहीर केलं, "१६७४. रायगड. राज्याभिषेक." मग ज्ञानेश्वरीचं १२९० शोधलं. पानिपत स्वातंत्र्याला इतकं चिकटून निघालं की दोन्ही एकाच नखाखाली गेली. मागे रांग लागली होती. एका जपानी कुटुंबाने दादाला मार्गदर्शक समजून प्रश्न विचारले आणि त्याने उत्तरंही दिली. वहिनींनी राज्याभिषेकाचा फोटो काढला तो आम्ही पाहिला. त्यात एक लाकूड आहे आणि एक बोट आहे.

तेव्हापासून माझ्या डोक्यात आमच्या इकडच्या झाडाची चकती घोळते आहे. भरवेलीच्या चौकात साल वृक्षाचा एखादा जुना ओंडका उभा केला तर चिठ्ठ्या कोणत्या लावायच्या? १८६७: भंडारा, मंडला आणि सिवनीचे तुकडे जोडून बालाघाट जिल्हा शिवला. १८९६: मँगनीज शोधायला मध्य प्रांतात साहेबांची सिंडिकेट आली. १९२४: विलायतेत नोंदलेली सीपीएमओ ही मँगनीज कंपनी. १९५६: राज्यांची फेररचना. ही चिठ्ठी जरा मोठी लागेल. नागपूर राजधानी म्हणून झोपलं आणि उठलं ते मुंबई राज्यात. गोंदियाही गेलं, आणि माझ्या आजीचं माहेर तिने घर न सोडता परराज्यात गेलं. आम्ही मात्र मध्य प्रदेशात राहिलो आणि घरात मराठी, बाजारात हिंदी, शेतात पवारी असे तीन भाषांचे संसार करू लागलो. १९६२: सीपीएमओच्या जागी मॉइल. १९७७: कंपनी पूर्णपणे सरकारची, मामांनी गल्लीत पेढे वाटले. २०१५: जबलपूरकडे जाणारी छोटी लाइन बंद.

या शेवटच्या चिठ्ठीपाशी मी थांबेन. कारण त्या गाडीच्या काळात लोक झाडं बघत असत. दुसरा इलाजच नव्हता. गाडी पुढे जात नसे आणि झाड मागे जात नसे, त्यामुळे उतारूंची आणि एकेका झाडाची चांगली ओळख होई. आता रुंद रुळांवरून गाडी सुसाट जाते आणि डब्यातले सगळे खाली मान घालून बसलेले असतात.

तर आम्ही निघालो. भरवेलीहून घाट चढून बैहरच्या पठारावर यायचं आणि तिथून कान्हाचं मुक्की फाटक गाठायचं. वाटेत उकवा लागतं, तिथेही मँगनीजची खाण आहे. मामांनी ती प्रत्येक वळणावर दाखवली, ती दिसत नव्हती तेव्हासुद्धा. खालच्या मैदानातली मिसळ झाडी मागे पडते आणि मग साल सुरू होतो. आमच्याकडे त्याला सरई म्हणतात. महाराष्ट्रात तो जवळजवळ नाहीच. तिकडे सागाचं राज्य. त्यामुळे मराठी माणसाची आणि सालाची पहिली भेट बहुधा आमच्या हद्दीत होते, आणि ती सहसा अशी होते:

"ही कसली झाडं?"

"साल."

"अच्छा. वाघ कुठे दिसतो?"

बुद्धाचा जन्म सालाखाली झाला असं परंपरा सांगते आणि महापरिनिर्वाणही दोन सालांच्या मध्ये. एवढ्या वजनाचं झाड आहे. पण त्याला कधी मान मिळाला नाही, कामच मिळालं. रेल्वेचे स्लीपर सालाचे, खाणीतले टेकू सालाचे, घराचे वासे सालाचे, देवळातला धूप त्याच्या राळेचा आणि लग्नातली पत्रावळ त्याच्या पानांची. त्याच पत्रावळीवर बुंदी खाऊन उठलेला माणूस जंगलात येऊन विचारतो, ही कसली झाडं.

वाढायची त्याची तऱ्हाही विलक्षण. सालाचं बी पावसाच्या तोंडावर पंख लावून भिरभिरत खाली येतं आणि थोड्याच दिवसांत रुजलं नाही तर मरतं. रुजलं की रोप येतं, आणि हिवाळ्याच्या दहिवराने किंवा उन्हाळ्याच्या वणव्याने वरचा कोंब जळून जातो. पुढल्या वर्षी पुन्हा कोंब, पुन्हा जळणं. असं वर्षानुवर्षं चालतं. वरून दरसाल नापास, पण जमिनीखाली मूळ जाड होत राहतं, आणि एका वर्षी ते रोप जे उठतं ते थेट झाड व्हायलाच. पुण्याला सदाशिव पेठेत खोली घेऊन राज्यसेवेची तयारी करणारा आमचा भाचा याच पद्धतीने वाढतो आहे. मी त्याच्या आईला सालाचं उदाहरण दिलं तर ती म्हणाली, कोंब कधी टिकणार तेवढं सांगा.

मुक्कीला पहाटे फाटकावर थंडी अशी की ओळखपत्र काढायला खिशातला हात बाहेर येईना. जिप्सीत सहा जण, पुढे ड्रायव्हर आणि गाइड. आत खायचं नाही, उतरायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही. म्यूर वूड्समध्येही सहलीचे डबे उघडायला बंदी आहे, असं वहिनींनी आधीच सांगितलं होतं. त्यामुळे दोन्ही देशांचा मान राखून त्यांनी चिवड्याची पिशवी ब्लँकेटच्या आत धरली आणि वाजणार नाही अशा बेताने वाटली. मराठी माणूस नियम मोडत नाही, तो आवाज मोडतो.

सफारीचा व्यवहार असा. समोरून दुसरी जिप्सी आली की दोन्ही गाड्या थांबतात. दोन्हीकडचे गाइड एकमेकांना विचारतात, "कुछ मिला?" उत्तर ठरलेलं: "नहीं, सिर्फ बायसन." हा जो 'सिर्फ' आहे, तो टनभर वजनाचा रानगवा असतो. तो फुसकारतो, त्याच्या खांद्याचे स्नायू उन्हात चकाकतात, आणि गाडीतले सहा जण चेहरा पाडून बसलेले असतात. त्याखालोखाल 'सिर्फ चितळ'. आणि मग 'सिर्फ बारसिंगा'. कडक जमिनीवर राहणारा हा बारसिंगा १९७० मध्ये सगळा मिळून फक्त ६६ उरला होता आणि तोही फक्त कान्हात. कुंपण घालून, गवताळ कुरणं वाढवून त्याला वाचवलं. त्या कुरणांच्या काही जागी पूर्वी गोंड-बैगांची गावं होती, ती उठवून बाहेर नेली. म्हणजे एका हरणासाठी माणसांनी घरं सोडली आहेत. उद्यानाने त्याला भूरसिंग असं नाव देऊन शुभंकर केलं, चित्रं काढली. तो दवात उभा राहून शिंगांवर गवताच्या झिपऱ्या अडकवून आमच्याकडे बघत होता, आणि दादा त्याच्या पोटाखालून पलीकडे दुर्बीण लावून बसला होता.

सालाची गोष्ट तर आणखी पुढची. तो 'सिर्फ'च्या यादीतही नाही. कुणी असं म्हणत नाही की नहीं, सिर्फ पेड मिले.

गाइड बैहरकडचाच होता, हुशार पोरगा. वाघ येत नाही म्हटल्यावर त्याने इतिहास काढला. कान्हाच्या कुरणाशी श्रवणताल नावाचं तळं आहे. श्रवणबाळाने आईबापासाठी पाणी भरलं ते इथेच, आणि जवळच दशरथाचं मचाण आहे, तिथून राजाने आवाजावर बाण सोडला. अयोध्येचा राजा शिकारीला इतक्या लांब का आला, हा प्रश्न दादाला पडला. मामांना वेगळा पडला. त्यांनी विचारलं, "वार कोणता होता जी?" गाइड गोंधळला. मामा म्हणाले, "बुधवारी दुपारचं फाटक बंद राहाते ना. बुधवार असता तं पोरगं वाचलं असतं."

मग लपसीची कबर निघाली. लपसी हा जुन्या काळचा नामांकित शिकारी. लोक सांगतात, वाघाला बोलवायला दुसरं आमिष मिळेना तेव्हा त्याने स्वतःच्या बायकोला बसवलं. वाघ आला. बायकोला वाचवायला लपसी मधे पडला आणि वाघाने त्यालाच मारलं. त्याची कबर आजही जंगलात आहे आणि त्याची गणना वीरांत होते. गोष्ट संपली तेव्हा जिप्सीत एक वेगळीच शांतता पसरली. वहिनी म्हणाल्या, "आणि त्या बाईची काही पाटी?" गाइडला माहीत नव्हतं. दादाने लगेच ब्लँकेट वहिनींकडे सरकवलं.

वहिनींनी मोगलीचंही विचारलं. जंगल बुकातली नदी वैनगंगा ती बालाघाटला वाहते तीच का? तीच. किपलिंगने गोष्ट शेजारच्या सिवनीत घडवली, म्हणून पेंचवाले मोगलीवर हक्क सांगतात, आणि कान्हावालेही सोडत नाहीत. आम्ही भरवेलीकर या वादात पडत नाही. आमच्याकडे लांडग्याने वाढवलेली मुलं नाहीत, तीन शिफ्टच्या भोंग्याने वाढवलेली आहेत.

एका ठिकाणी सालाच्या दाटीत मोकळा चौक पडला होता. गाइड म्हणाला, हे साल बोररचं काम. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी मंडला-बालाघाटकडे या भुंगेऱ्याची मोठी साथ आली होती. त्याची अळी खोड आतून पोखरते. लाखो झाडं तोडावी लागली, तेव्हा वर्तमानपत्रांत, विधानसभेत, कोर्टात सालाचं नाव झालं. झाडाकडे लक्ष जायला ते आधी मरावं लागतं, ही त्याची खरी अडचण. भुंगेरा पकडायची युक्ती मोठी मजेशीर आहे. सालाचा ताजा ओंडका ठेचून ठेवायचा. रसाच्या वासाने लांबून लांबून भुंगेरे येतात, पिऊन पडतात, आणि सकाळी माणसं येऊन त्यांना उचलतात. गावकऱ्यांना नगामागे पैसे मिळत. मामा म्हणाले की पगाराच्या दिवशी भरवेलीतही हेच व्हायचं, फक्त उचलायला बायको यायची आणि पैसे मिळण्याऐवजी जायचे.

आणि मग कॉल झाला. आधी वानर खाकरलं, मग चितळ शिटी मारल्यासारखं ओरडलं. ड्रायव्हरने गाडी अशी मागे घेतली की चिवड्याचं रहस्य फुटलं. आम्ही वळणावर पोचलो तेव्हा तिथे आठ-दहा जिप्स्या आधीच जमल्या होत्या. लोक सीटवर उभे. सगळे एकमेकांना शूऽऽ करत होते आणि त्या शूऽऽचाच गोंगाट झाला होता.

वाघ निघाला. खरोखर निघाला. सालांमधून आला, पट्ट्यापट्ट्यांनी दिसला, रस्त्याला आडवा न जाता समांतर चालला आणि पुन्हा सालांतच गेला. गाडीतल्या कुणी श्वास घेतला असेल असं वाटत नाही. दादाने अमेरिकेहून आणलेल्या कॅमेऱ्यात तो सगळा प्रकार चित्रित केला. निदान त्याला तसं वाटलं.

विश्रामस्थळी पोह्यांवर आम्ही ते चित्रण पाहिलं. पडद्यावर सालाचं एक खोड होतं. सुरेख, सरळ, राखाडी, उभ्या भेगांचं, डाव्या बाजूने कोवळं ऊन घेतलेलं. ते बराच वेळ होतं. शेवटी खोडाच्या उजवीकडून शेपटीचं टोक डोकावलं आणि गेलं.

"मध्ये झाड आलं," दादा हताशपणे म्हणाला.

अमेरिकेत जो माणूस झाडांसाठी गाडीची जागा आरक्षित करतो, त्याच्या तोंडचं हे वाक्य. मी काही बोललो नाही, पाहुणा होता. पण मामांनी चष्मा लावून कॅमेरा हातात घेतला आणि ते चित्रण पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. आम्हाला वाटलं शेपूट शोधताहेत.

"काय खोड आहे बापा," मामा म्हणाले. "गाठ नाही, पीळ नाही. अशा टेकूखाली माणूस जेवाले बसे, छताकडे बघत नसे. सागाचा टेकू गुमान मोडते. सरई मोडाच्या आधी करकरते, सांगते, का पळा."

त्या दिवशी कान्हात आलेल्या सगळ्या पर्यटकांत झाड बघितलेला माणूस हा एकच असावा. आणि तोही ते मनातल्या मनात आठ फुटांचे तुकडे पाडून बघत होता.

दादाला आता आपल्या झाडांची बाजू घेणं भाग होतं. त्याने हायपेरियन काढला. जगातलं सगळ्यात उंच झाड, रेडवूडच, कॅलिफोर्नियाच्या उत्तर टोकाला. २००६ मध्ये सापडलं. उंची ११६ मीटर. बघायला इतके लोक रान तुडवत गेले की बुंध्याभोवतीची जमीन उघडी पडली, म्हणून २०२२ मध्ये उद्यानाने तो भागच बंद केला. पकडलं तर पाच हजार डॉलर दंड आणि सहा महिने कैद होऊ शकते.

"मंग तू पाह्यलं नाहीस," मामा म्हणाले.

"नाही. बंद आहे ना."

"किती म्हणलं? एकशे सोळा?" मामांनी पोह्यांच्या बशीच्या कडेवर बोटाने हिशेब केला. "तीन म्हणजे तीनशे अठ्ठेचाळीस. आपली खाण चारशेच्या खाली गेली. तीन झाडं एकावर एक शाफ्टमधी उभी केली, तरी तिसऱ्याचा शेंडा जमिनीच्या वर येत नाही."

दादा गप्प झाला. अमेरिकेहून आल्यापासून पहिल्यांदाच.

वहिनींनी विचारलं, "आणि चौथं ठेवलं तर, मामा?"

"चवथं कापाचं," मामा म्हणाले. "तीन उभी धराले टेकू नाही लागत का?"